कवळीकाकांचा मनःपूर्वक पाठिंबा

पंप कंपनीनं आपल्या कर्जाची फेररचना जाहीर केली, तेव्हा कवळीकाका एका म्हातारीच्या खालच्या जबड्यात दात बसवत होते. म्हातारी समोर नव्हती, तिचा प्लास्टरचा जबडा तेवढा होता. मेणात एकेक दात रोवायचा आणि एक डोळा मिटून तो सरळ बसलाय का ते पाहायचं, असं त्यांचं काम. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागच्या खोलीत सगळी हयात अशी एक डोळा मिटून गेली. शेअर्सच्या बाबतीत मात्र त्यांनी दोन्ही मिटले होते.

बातमी आणली शेजारच्या सलूनवाल्यानं. खांद्यावर टॉवेल, एका हातात पेपर आणि दुसऱ्या हातात कात्री. म्हणजे खुर्चीत कोणीतरी अर्धवट कापलेल्या डोक्यानं वाट पाहत बसलं होतं.

"काका, फेररचना म्हणजे काय असतं हो?"

"नव्यानं मांडणी," काका मेणावरून नजर न काढता म्हणाले.

"चांगलं असतं की वाईट?"

"मांडणीच ती. चांगलीच असणार. आपण नाही का घरात कपाट इकडचं तिकडे करत?"

"मग यात छापलंय की आपला शेअर रद्दीच्या भावात गेला, ते कसं?"

काकांच्या हातातला दात मेणात तिरका बसला. म्हातारी पुढे वर्षभर तक्रार करत राहिली की डाव्या बाजूनं चावताना हवा जाते. पण तो या गोष्टीतला सगळ्यात किरकोळ बळी.

संध्याकाळी काकांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. सगळे म्हणजे सलूनवाला, बँकेतून निवृत्त झालेले रोखपाल आणि आजूबाजूचे पाचसात जण, ज्यांना काकांनी वेळोवेळी दंडाला धरून पंप कंपनीत पैसे घालायला लावले होते. कंपनीकडून काकांना याबद्दल छदाम मिळत नव्हता. त्यांना ती कंपनी आवडत होती, बस. दरवर्षी ते भागधारकांच्या सभेला जात, माईकवर उभे राहून भाषण करत, आणि व्यासपीठावरची सुटाबुटातली माणसं त्यांचं बोलणं मान हलवून ऐकत. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं दुरुस्त केलेल्या माणसाला वर्षातून एकदा स्वतःचं तोंड उघडायला मिळे. त्याची नशा काही औरच होती.

रोखपालांनी योजना समजावून सांगितली. "कंपनीला बँकांचं देणं फेडता येत नाही. म्हणून बँका पैशांऐवजी कंपनीत मालकी घेणार. ती मालकी येणार कुठून? तुमच्याआमच्या वाट्यातून. ज्याचे शंभर शेअर आहेत त्याचे चार राहणार."

"आणि अध्यक्ष?" सलूनवाल्यानं विचारलं.

"ते राहणार. मार्गदर्शक म्हणून. पगारी."

"कंपनी बुडवली कोणी?" स्वयंपाकघरातून काकांच्या बायकोचा आवाज आला.

"त्यांनीच, वहिनी."

"मग आता मार्गदर्शन कशाचं करणार?"

काकांनी उगाच घसा खाकरला.

ही सगळी मंडळी बसली होती ती ताईच्या अंथरुणावर. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर तिनं राहती जागा विकली आणि ते पैसे भावाच्या शब्दाखातर पंप कंपनीत घातले. "दोन वर्षं ठेव फक्त," काका म्हणाले होते, "नंतर याच्या दुप्पट मोठी जागा घेशील." तोवर चार दिवस म्हणून ती भावाकडे राहायला आली. तेव्हापासून बैठकीतला दिवाण हे तिचं घर होतं. कोणी आलं की घर रिकामं करून ती दारात उभी राहायची. या सगळ्या काळात ती भावाला एका शब्दानंही बोलली नव्हती. बोलली असती तर काकांना बरं वाटलं असतं. बायको बोलायची, तिचं ऐकून ऐकून कान बधिर झाले होते. पण ताईच्या न बोलण्यावर कुठलाच उपाय नव्हता.

"एक वाट आहे," रोखपाल म्हणाले. "आपल्यासारख्या छोट्या भागधारकांचं मत वेगळं मोजणार आहेत. आपण जर एकजुटीनं नाही म्हटलं, तर त्यांचं गाडं अडतं. बँकांना घाई आहे. माझे जुने साहेब सांगत होते, छोट्यांनी ओरड केली तर त्यांना रोख पैसे देऊन मोकळं करायची तयारी आहे."

"सगळे पैसे?"

"सगळे कुठले! पण निम्मे तरी."

"निम्म्यात एक खोली येते," दारातून ताई म्हणाली. "खोली आणि स्वयंपाकाचा ओटा."

सगळे तिच्याकडे वळून पाहू लागले, तशी ती चहाचे कप उचलून आत गेली. काकांनी तिथल्या तिथे मांडीवर थाप मारली आणि जाहीर केलं, "या वेळी त्या अध्यक्षाला सोडत नाही. सभेत उभा आडवा सोलतो!"

मग तयारी सुरू झाली. रोखपालांनी भाषण लिहून दिलं. पैसे कुठे गेले, कोणी नेले, अध्यक्षांनी स्वतःचे शेअर बातमी फुटायच्या आधी कसे विकले, असं एकाहून एक जहाल. काकांनी ते वाचलं आणि वर चार ओळी स्वतःच्या जोडल्या.

"हे काय?" बायकोनं कागद ओढून घेतला. "'आदरणीय', 'द्रष्टे', 'कुशल नेतृत्व'... तुम्ही भांडायला चाललाय की सत्काराला?"

"अगं, सभेची म्हणून एक रीत असते. एकदम अंगावर जाता येत नाही. आधी दोन शब्द चांगले बोलायचे, मग मुद्द्याला हात घालायचा."

"घरात चोर शिरला तर त्यालाही आधी दोन शब्द चांगले बोलाल तुम्ही."

"तुला नाही कळायचं," काका म्हणाले, आणि कामाच्या खोलीत जाऊन फळीवरच्या जबड्यांपुढे भाषण पाठ करू लागले. समोरचे सगळे दात काढून हसत होते, पण काकांची श्रोत्यांबद्दल तक्रार नव्हती.

इकडे सलूनवाल्यानं मतं गोळा करायचं काम अंगावर घेतलं. जो वस्तऱ्याखाली मान देईल त्याला तो सांगे, "तुमच्याकडे पंपाचे शेअर आहेत? मग सभेला या. ठरावाची भाषा आपल्याला कळायची नाही. काका म्हणतील तसं करायचं. ते हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर नाही." वस्तरा गळ्यावर असताना कोणी वाद घालत नाही. बातमी गावभर झाली, परगावच्या भागधारकांपर्यंत गेली. ज्यांनी काकांना कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनीही आपला जीव काकांच्या हवाली केला.

सभेच्या दिवशी काका इस्त्रीचा कोट घालून निघाले. मागे बायको, ताई, रोखपाल, सलूनवाला. सभागृहाच्या दारातच कंपनीचे सचिव दोन्ही हात पसरून सामोरे आले.

"या, या काका! तुम्ही आल्याशिवाय सभा सुरूच करायची नाही असं ठरलंय. तुमची खुर्ची पुढे राखून ठेवलीय."

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर 'मान्यवर' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती.

"बसा खुर्चीत," बायको कानाशी म्हणाली, "पण विरघळू नका."

काका ताठ बसले. कॉफी आली, त्यांनी नाही म्हटलं. केक आला, त्याकडे पाहिलंही नाही. मग स्वतः अध्यक्ष व्यासपीठावरून उतरून आले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "कसे आहात? आणि ताईंची तब्येत कशी आहे?"

काका बघतच राहिले. एवढा मोठा माणूस, एवढ्या संकटात, आणि त्याला आपली ताई आठवते! सचिवांनी मिनिटभरापूर्वी अध्यक्षांच्या कानात काय सांगितलं ते त्यांना कुठून दिसणार? ताई चौथ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिच्याकडे अध्यक्षांनी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण आठवण ठेवायची म्हणजे ओळखायलाच पाहिजे असं थोडंच आहे? तेवढ्यात काकांच्या तोंडाशी कॉफीचा कप आपोआप लागला होता.

भाषणाला प्रत्येकाला वेळ थोडाच होता. म्हणून सलूनवाल्यानं आणि बाकीच्यांनी आपापला वेळ काकांना देऊन टाकला होता. काका माईकपुढे उभे राहिले.

"आदरणीय अध्यक्षसाहेब, संचालक मंडळ, सर्व मान्यवर आणि माझ्या भागधारक बंधूभगिनींनो," काकांनी सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज त्यांनाच गोड वाटला. "सर्वप्रथम, यंदाचा अहवाल. काय तो कागद! काय ती छपाई! मुखपृष्ठावरचा पंप तर असा की हात लावला तर पाणी येईल."

टाळ्या पडल्या. वाईट झालं ते इथेच. टाळ्यांनी काका जे सुटले ते सुटलेच. त्यांनी माईकची तारीफ केली, सभागृहातल्या गारव्याची केली, फोन केला की सचिव स्वतः उचलतात याची केली. अध्यक्षांच्या वडिलांवर आले, तेव्हा रुमाल काढून स्वतःचेच डोळे पुसले.

"आधी हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत," मागच्या रांगेत सलूनवाला कुजबुजला. "आता बघा, कसे खाली आपटतात."

"चढवणं जरा जास्त होतंय," रोखपाल म्हणाले.

वेळ संपत आल्याची घंटा वाजली. काका भानावर आले. त्यांनी खिशातून कागद काढला, आणि तो काढताना त्यांचा चेहरा बदलला. बायको सरसावून बसली. ताईनं पिशवी घट्ट धरली.

"आता एक कडू मुद्दा, साहेब. आपल्या डोक्यावर असलेलं कर्ज."

व्यासपीठावर चुळबुळ झाली. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि काकांकडे पाहिलं. रागानं नाही, दुखावलेल्या नजरेनं, घरच्या माणसानं आपल्याच ताटात खडा टाकावा तसं. काकांना ती नजर सोसवेना. सगळी जन्मभराची भिडस्त सवय उफाळून वर आली.

"एवढं प्रचंड कर्ज," काका म्हणाले, "मिळवणं हे काही कोणा सोम्यागोम्याचं काम नाही! माझ्यासारख्याला बँक दारात उभं करत नाही. विश्वास असल्याशिवाय कोणी कोणाला देतं का? तो विश्वास साहेबांनी कमावला!"

पुन्हा घंटा. आता मात्र काकांना घाम फुटला. हातात कागद, कागदावर सगळे मुद्दे, आणि वेळ संपलेली. निदान शेवटचं वाक्य तरी ठणकावून बोलायचं असं त्यांनी ठरवलं. छाती भरून श्वास घेतला. पण त्या जिभेला शेवटचं म्हणून एकच वाक्य ठाऊक होतं, वर्षानुवर्षं माईकपुढे घासून गुळगुळीत झालेलं, आणि ते आपल्या पायांनी चालत बाहेर आलं.

"वेळेअभावी इथेच थांबतो, आणि मांडलेल्या ठरावाला माझा मनःपूर्वक पाठिंबा जाहीर करतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्चीत बसल्यावर काकांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ते पुन्हा उठले, पण तोवर माईक बंद झाला होता आणि मतदान पुकारलं गेलं होतं. हो म्हणणाऱ्यांनी हिरवं कार्ड दाखवायचं, नाही म्हणणाऱ्यांनी लाल.

मागच्या रांगांत क्षणभर गोंधळ उडाला.

"काका हो म्हणाले?"

"मीही तेच ऐकलं."

"मग आतून काहीतरी ठरलं असणार. काका कच्च्या गुरूचे चेले नाहीत."

"आपल्याला कशाला पाहिजे विचार? काका म्हणतील तसं, असंच ठरलंय ना?"

आणि हिरवी कार्डं वर जाऊ लागली. रोखपाल खुर्चीवर चढून "लाल! अहो, लाल दाखवा!" म्हणून ओरडले, तर सचिवांनी त्यांना सभेची शिस्त पाळायची विनंती केली आणि लोकांनी खाली ओढलं. सलूनवाला आपली दोन्ही कार्डं उलटसुलट करत बसला. काकांनी स्वतःचं लाल कार्ड दोन्ही हातांनी उंच धरलं. ते पाहून अध्यक्ष मनापासून हसले. त्यांना वाटलं, काकांनी गंमत केली.

लाल कार्ड हातात धरून काका मागे वळले. चौथ्या रांगेत ताईचा हात सरळ वर होता. हातात हिरवं कार्ड होतं. भाऊ म्हणाला म्हणून.

ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये एकच प्रश्न होता. "किती मिळाले असतील?"

काका पैसे खाऊन उलटले, यात कोणालाही शंका नव्हती. फक्त आकड्यावर एकमत होईना. कोणी म्हणे रोख मिळाले, कोणी म्हणे मुलाला नोकरी. काकांना मुलगा नव्हता, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. सलूनवाल्यानं काकांची बाजू घेतली. "घेतले असतील! मी तर म्हणतो घेतलेच. पण माणूस तसा वाईट नाही." ज्या डॉक्टरकडे काकांनी जन्म घालवला, त्यानं त्यांना कधी नव्हे ती खुर्ची दिली आणि नव्या मशीनसाठी उसने मिळतील का असं विचारलं.

"अहो, मी काहीच घेतलं नाही!" काका ज्याला त्याला सांगत सुटले. "भाषण करताना गडबड झाली. जीभ घसरली!"

लोक समजूतदारपणे मान हलवत आणि डोळा मारत. काकांची कोंडी भलतीच होती. आपण चोर नाही हे पटवायचं, तर आपण मूर्ख आहोत हे पटवावं लागत होतं, आणि एवढा मूर्ख माणूस जगात असू शकतो यावर कोणाचाच विश्वास बसत नव्हता. विश्वास होता तो फक्त बायकोचा. "मी सांगते ना, यांनी फुकटच केलं असणार," ती भेटेल त्याला सांगे, पण नवऱ्याला वाचवायला बोलते आहे असं समजून तिचंही कोणी मनावर घेईना.

अशात एके दुपारी दवाखान्याच्या फोनवर सचिवांचा फोन आला.

"काका, आभार मानायला फोन केला. काय बोललात त्या दिवशी! अध्यक्ष अजून आठवण काढतात."

"साहेब, माझी चूक..."

"अहो, कसली चूक! आता झालंच आहे म्हणून सांगतो. आम्ही पुरत्या तयारीनं आलो होतो. छोट्या लोकांनी गोंधळ घातला तर निम्मे पैसे रोख द्यायचे, असं बँकांनी मान्य केलं होतं. सगळं माझ्या बॅगेत तयार होतं. तुमचं भाषण झालं, आणि बॅग उघडायची वेळच आली नाही. पुढच्या सभेला नक्की या. पहिलं भाषण तुमचंच."

काकांना खूप काही बोलायचं होतं. शिव्यासुद्धा आठवल्या होत्या. त्यांनी रिसीव्हर घट्ट धरला, तोंड उघडलं आणि म्हणाले, "आभारी आहे, साहेब."

मग ते बराच वेळ प्लास्टर कालवत राहिले. घट्ट होऊन दगड झालं तरी कालवत राहिले.

संध्याकाळी घरी आले तर बायको बाजारात गेली होती. ताईनं गरम चहा पुढे ठेवला. गेले काही दिवस ती त्यांचं फारच करत होती. जेवताना जास्तीचं वाढत होती, बायको बोलायला लागली की "जाऊ दे गं, त्याला नको बोलू" म्हणत होती. काकांना वाटलं, सगळ्या जगात एक ताईच आहे जिनं मला माफ केलं. त्यांचे डोळे भरून आले.

"आज एक जागा बघून आले," ताई म्हणाली. "खोली आहे, ओटा आहे, पुढे जरा गॅलरी आहे. मालकीणबाई चांगल्या आहेत. म्हटलं, महिनाभर कोणाला देऊ नका, माझा भाऊ बघतोय सगळं."

"मी? मी काय बघतोय, ताई?"

ताईनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बाहेर तू कबूल करणार नाहीस, मला माहितीये. करूही नकोस. माझ्याजवळही बोलू नकोस. किती, कसे, काही विचारणार नाही मी. फक्त केव्हापर्यंत देशील तेवढं सांग. त्या बाईंना तारीख द्यायचीय."

काकांनी कप खाली ठेवला. "ताई, मी घेतले नाहीत गं. एक पैसासुद्धा नाही. मला कोणी दिलेच नाहीत."

ताई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. भाऊ खोटं बोलताना कसा दिसतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती तेच शोधत होती. पुष्कळ शोधून झालं, पण तिला ते सापडलं नाही.

"खरंच नाही घेतलेस?"

"तुझी शपथ."

ताई दिवाणाच्या कडेला बसली. तिचा चेहरा कोणीतरी दिवा काढून न्यावा तसा झाला. लग्न होऊन गेल्यापासून पहिल्यांदाच ती भावाला लागेल असं बोलली, आणि तेही अगदी हळू.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "एवढ्या लोकांना बुडवलंस, ते निदान माझ्यासाठी तरी बुडवलं असशील."